शब्बाथ पाळायचा तर कुणासाठी?

आमच्या नात्यात शनिवारवाले पण आहेत आणि रविवारवाले पण. माझी आत्येबहीण लग्न होऊन पुण्याला शनिवार पाळणाऱ्या सेव्हन्थ डे वाल्यांच्या घरात गेली त्याला आता वीस वर्षं होत आली, आणि तेव्हापासून नाताळला म्हणा, कुणाच्या साखरपुड्याला म्हणा, सगळे जमले आणि जेवणं उरकली की हा विषय निघतोच, की ख्रिस्ती माणसाने शब्बाथ, म्हणजे दहा आज्ञांतल्या चौथीत सांगितलेला आठवड्याचा विसाव्याचा दिवस, पाळायलाच पाहिजे का, आणि पाळायचा तर शनिवारी का रविवारी. आवाज चढतात, कुणीतरी कपाटातनं बायबल काढतं, आणि मग जो तो आपापल्या दिवशी आपापल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जातो. मी इतकी वर्षं नुसती ऐकत आले. आता माझं मत पक्कं झालंय. आपण दिवसावरून भांडतोय आणि त्या आज्ञेतला अर्धा भाग वाचायचाच राहून गेलाय.

आधी ताईची बाजू सांगते, कारण ती हलकी नाहीये आणि आमच्याकडची मंडळी ती फार लवकर उडवून लावतात. ती म्हणते दहा आज्ञा देवाने स्वतः दिल्या, त्यातल्या नऊ तुम्ही मानता आणि चौथीलाच का सोडता. सातवा दिवस देवाने मोशेच्या आधी, यहूदी लोकांच्या आधी, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातच पवित्र केला. येशू शब्बाथ दिवशी आपल्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात जायचा असं लूक लिहितो, पौल पण जायचा. मग शनिवारचा रविवार कुणी केला आणि कुठल्या वचनावरून केला, ते दाखवा. आणि ती नुसतं बोलत नाही, जगते. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तिच्या घरी दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक झालेला असतो, मुलांचे कपडे इस्त्री करून ठेवलेले असतात, मग दिवा लावून सगळे एकत्र बसून गाणी म्हणतात. तिच्या मुलाचा एक पेपर शनिवारी आला, कॉलेजने तारीख बदलून दिली नाही, तर पोराने पेपर सोडला आणि पुढच्या वर्षी दिला. आमच्यात क्रिकेटची मॅच असली तर उपासनेला दांडी मारणारे आहेत, त्यांनी तिला कायदा शिकवू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि एका गोष्टीत ती बरोबरच आहे. शब्बाथ शनिवारवरून रविवारवर आला असं सांगणारं एकही वचन नव्या करारात नाही. आपल्याकडे जे सर्रास म्हणतात की रविवार हाच ख्रिस्ती लोकांचा शब्बाथ, ते बायबलमधनं आलेलं नाही, ती समजूत बरीच नंतर पक्की झाली, आणि तिला सगळ्यात कडक रूप दिलं ते सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या प्युरिटन ह्या कडक प्रोटेस्टंट लोकांनी. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात आठवड्याचा पहिला दिवस हाच ख्रिस्ती शब्बाथ असं सरळ लिहिलंय. त्याच्या शंभर वर्षं आधी लूथरच्या बाजूने मांडलेल्या १५३० च्या आउग्सबुर्गच्या कबुलीत तर उलट म्हटलं होतं, की रविवार शब्बाथच्या जागी सक्तीने आला असं मानणारे चुकतात, लोकांना कधी जमायचं ते कळावं म्हणून मंडळीने, म्हणजे चर्चने, तो दिवस ठरवला. आपल्या नगर भागात १८३१ साली ठाणं मांडलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे साहेब लोक ह्या प्युरिटन घराण्यातलेच, म्हणून तर आजीच्या लहानपणी रविवारी शिवणाला हात लावायचा नाही, तांदूळ शनिवारीच निवडून ठेवायचे, बाजाराला जायचं नाही असा सगळा दंडक होता.

पण ताईकडचे लोक पुढे जाऊन जे सांगतात, की रविवार हा कॉन्स्टंटाइन बादशहाने नाहीतर पोपने आणला, ते मला पटत नाही. कॉन्स्टंटाइनचा हुकूम ७ मार्च ३२१ चा. त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी, साधारण इसवी सन १५० च्या सुमारास, रोममध्ये जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती शिक्षक लिहितो की सूर्याच्या दिवशी शहरातले आणि खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचतात, भाकर आणि द्राक्षारस घेतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, ते पोचवतात. पैसे गोळा होतात ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके ह्यांच्यासाठी. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये पण पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमलेले आहेतच. म्हणजे रविवारी जमणं जुनंच आहे, प्रभू त्या दिवशी उठला म्हणून आहे. फक्त त्या जमण्याला कुणी शब्बाथ म्हणत नव्हतं, आणि त्या दिवशी कुणाला सुट्टीही नव्हती.

हे सुट्टी नसणं माझ्या डोक्यातून जात नाही. इसवी सन ११२ च्या आसपास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी बादशहा ट्राजनला पत्र लिहितो की हे ख्रिस्ती लोक ठराविक दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, मग पांगतात आणि परत जेवायला जमतात. उजाडायच्या आत का, तर मला तरी वाटतं दिवसभर काम होतं म्हणून. त्याच पत्रात तो सांगतो की त्याने माहिती काढायला दोन दासींचा छळ केला, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत. दोन दासी. त्यांना ना शनिवार होता ना रविवार. मालक उठायच्या आधी अंधारात निघायचं, प्रभूचं नाव घ्यायचं आणि चूल पेटवायला परत यायचं. पौलाच्या मंडळ्यांमध्ये असे किती दास होते ते त्याच्या पत्रांतनंच दिसतं, सारखा त्यांना उद्देशून लिहितो. जर शब्बाथ पाळल्याशिवाय तारण नाही अशी गोष्ट असती तर ह्या माणसांना आत यायला दारच उरलं नसतं. आणि म्हणूनच यरुशलेमच्या सभेत, कृत्ये १५ मध्ये, परराष्ट्रीयांतून, म्हणजे यहूदी नसलेल्यांतून, आलेल्या लोकांवर काय ओझं घालायचं हे ठरवताना मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गुदमरवून मारलेलं आणि जारकर्म एवढ्या चारच गोष्टी लिहिल्या, त्यात शब्बाथ नाही. कलस्सैकरांच्या पत्रात पौल सण, अमावास्या, शब्बाथ ह्यांवरून कुणी तुमचा न्याय करू नये म्हणतो. ताई म्हणते ते वर्षाच्या सणांचे शब्बाथ, आठवड्याचा नाही. पण सण, अमावास्या आणि शब्बाथ ही तीन नावं जुन्या करारात यहेज्केल ४५ मध्ये पण अशीच एकत्र येतात, वर्षाचं, महिन्याचं आणि आठवड्याचं, आणि सण तर त्यात आधीच मोजून झालेत, मग तिसरा आठवड्याचाच धरायला हवा. रोमकरांस १४ तर स्पष्टच आहे, कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाची आपल्या मनाची खात्री असू दे.

तर माझं उत्तर सरळ आहे. ख्रिस्ती माणसावर शनिवारचं बंधन नाही, आणि रविवारला शब्बाथ करून त्याचंही बंधन नाही. ताईने शनिवार पाळावा, प्रभूसाठी पाळते, मी तिला नावं ठेवणार नाही, तिनेही माझ्या तारणाची काळजी करू नये.

इथपर्यंत आमच्याकडचे सगळे मान डोलावतात. बंधन नाही म्हटलं की बरं वाटतं. पण इथेच विषय संपवला तर आपण देवाच्या एका मोठ्या देणगीवर पाणी सोडतो.

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा आहेत, जुन्या करारातल्या निर्गम आणि अनुवाद ह्या दोन पुस्तकांत, निर्गम २० मध्ये आणि अनुवाद ५ मध्ये, आणि शब्बाथचं कारण दोन्हीकडे वेगळं दिलंय. निर्गममध्ये सहा दिवसांत देवाने सगळं घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. हे आपल्याला पाठ आहे, संडेस्कूलमध्ये हेच शिकवतात. अनुवादात कारण असं, की तुझ्या दासाला आणि तुझ्या दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा, आणि आठवण ठेव की तू मिसर देशात दास होतास. यादी पण बघा कशी आहे, तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, बाकीचं जनावर, तुझ्या वेशीतला उपरा. आठवड्यातला एक दिवस मालकाचा हुकूम चालणार नाही, अगदी बैलावर पण नाही. मिसरात विटा पाडणाऱ्या माणसाला सुट्टी नव्हती, तिथल्या राजाने, फारोने तर सुट्टी मागितल्यावर गवत बंद केलं आणि विटा तेवढ्याच मागितल्या. त्या लोकांना देवाने बाहेर काढलं आणि सांगितलं, आता तुम्ही कुणाचे फारो होऊ नका.

माझ्या पणजोबांकडे गावाची येसकरकी होती. ज्यांच्या घरात ते होतं त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते, वतनाच्या नावाखाली दिवसरात्र कधीही हाक आली की उठायचं, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी टपाल घेऊन पळायचं, लाकडं फोडायची, आणि घरचा गडी नसला तर बापाने नाहीतर भावाने जायचं. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी ह्या वतनाविरुद्ध मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं, आणि ती वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी. पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी त्यांना सांगितलं की रविवार प्रभूचा दिवस, त्या दिवशी काम करायचं नाही. आजी सांगायची, एका रविवारी वाड्यावरून हाक आली आणि पणजोबा दारात उभे राहून म्हणाले, आज यायचं नाही, उद्या येतो. एवढंच. त्या सुगीला त्यांचं बलुतं बंद झालं. घरात दोन महिने कण्या शिजल्या. पण आजी ही गोष्ट सांगताना कधी रडली नाही, ताठ बसून सांगायची, कारण त्यांच्या सात पिढ्यांत पहिल्यांदा कुणीतरी "उद्या" हा शब्द वापरला होता.

आता वचनाच्या हिशोबाने बघितलं तर मास्तरांची शिकवण चुकीची म्हणावी लागेल, रविवार शब्बाथ नाही. पण अनुवादातली ती आज्ञा माझ्या अडाणी पणजोबांना जितकी कळली तितकी आम्हा वाद घालणाऱ्यांना कळलेली नाही असं मला वाटतं.

आणि येशूने पण ह्याच बाजूने ती आज्ञा धरली. लूक १३ मध्ये अठरा वर्षं कंबरेत वाकलेली बाई, तिला त्याने शब्बाथ दिवशी बरं केलं, सभास्थानाचा अधिकारी चिडला की सहा दिवस आहेत ना, तेव्हा या. येशू म्हणाला तुम्ही शब्बाथ दिवशी आपला बैल नाहीतर गाढव ठाणावरून सोडून पाण्याला नेता ना, मग ह्या अब्राहामाच्या लेकीला सोडवायला नको का. सोडवणं, हा शब्द त्याने मुद्दाम घेतला असणार. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही हे त्याचं वाक्य आपण फक्त आपली सुटका करून घ्यायला वापरतो, की बघा, पाळायची गरज नाही. अरे पण मनुष्यासाठी झाला म्हणजे मनुष्याला तो मिळाला पाहिजे ना, आणि मनुष्य म्हणजे फक्त मी आहे का? माझी आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिची रविवारची ड्युटी लागायची आणि देवळातला एक वडीलधारा तिला दर वेळी ऐकवायचा की देवापेक्षा पगार मोठा झाला का. ती काही बोलायची नाही. मला आज तो माणूस भेटला तर मी त्याला लूक १३ वाचायला देईन.

आमोस संदेष्ट्याच्या काळातले व्यापारी शब्बाथ पाळत होते बरं का. दुकान बंद ठेवायचे, पण मनात एकच, हा शब्बाथ कधी संपतो आणि आम्ही गव्हाची कोठारं कधी उघडतो, माप लहान करू, तागडी खोटी करू, गरिबाला जोड्याच्या किमतीत विकत घेऊ. आमोस ८ मध्ये आहे हे. दिवस अचूक पाळला आणि देवाने त्यावर शपथ घेतली की ह्यांचं हे कृत्य मी कधी विसरणार नाही.

आपल्या कोकणाला तर शब्बाथ कुणा मिशनरीने शिकवायची गरजच पडली नाही. अलिबागच्या आसपासच्या गावांत बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे यहूदी लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून त्यांचं नावच पडलं शनवार तेली. कित्येक पिढ्या त्यांच्याकडे धर्मग्रंथ नव्हते, हिब्रू विसरून गेले, घरात मराठी बोलायचे, पण शनिवारचा घाणा थांबायचा तो थांबायचाच. आणि घाणा थांबला म्हणजे काय, तर डोळ्यावर झापड बांधून गोल फिरणारा बैल त्या दिवशी सावलीत बसला. अनुवाद ५ मधला बैल. गावातल्या लोकांना त्यांच्या देवाचं नाव माहीत नसेल पण त्यांचा बैल शनिवारी बसतो हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि आज आपल्या महाराष्ट्रात कामगाराला जी रविवारची सुट्टी आहे ती चर्चने मिळवून दिलेली नाही, हे आपण मान्य केलं पाहिजे. इंग्रजांच्या कचेऱ्या रविवारी बंद असायच्या, साहेब लोक देवळात जायचे, पण त्याच इंग्रजी राज्यात मुंबईच्या गिरण्यांमधले कामगार रविवारी पण राबत होते. ती सुट्टी लढून मिळवली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. १८८४ पासून ते मागत होते. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्या सभेत गिरणीतल्या बायका पण बोलल्या, आणि १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात ती आली. रविवार हा खंडोबाचा वार, हे पण त्या मागणीत होतं असं सांगतात. आमच्या देवळात मोशेचं नाव दर महिन्याला निघतं, लोखंडेंचं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही, आणि मला ते फार चुकीचं वाटतं, कारण दास-दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा हे वाक्य मुंबईत ज्या माणसाने खरं केलं तो हाच.

मग आजचं काय? नगर-बीडकडनं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जी कुटुंबं जातात त्यात आपले ख्रिस्ती लोक पण आहेत, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडनं उचल घेतलेली, आणि एक दिवस खाडा केला की त्याचे पैसे वर कापले जातात. चार-पाच महिने ना रविवार ना शनिवार. त्यांना आपण जाऊन सांगणार का की शब्बाथ पाळा नाहीतर पाप लागेल? त्यांच्यासाठी ही आज्ञा मुकादमाला आणि कारखान्याला वाचून दाखवायची असते. शहरात तेच. रविवारी उपासना संपली की कंपाउंडमध्ये उभं राहून मोबाइलवर बिर्याणी ऑर्डर करतो, ती आणणारं पोरगं उन्हात दुपारच्या दोनला कुणाच्या शब्बाथात बसतं? माझ्या घरी धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी गेली सहा वर्षं रविवारी पण येत होत्या आणि मी त्या वेळात रोमकरांस १४ वर बोलत होते. हे मला ताईनेच दाखवलं, भांडणात नाही, सहज. ती म्हणाली, आमच्याकडची बाई शुक्रवारी संध्याकाळी जाते ती रविवारीच येते, पगार पूर्ण. मला तिथे बोलायला काही सुचलं नाही. मग मी मावशींना रविवारी येऊ नका म्हटलं तर त्या घाबरल्या, किती कापणार विचारलं. काही कापणार नाही हे तीनदा सांगावं लागलं आणि तरी पुढच्या रविवारी त्या साडेसातला दारात हजर.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ख्रिस्ती माणसाला शब्बाथ पाळायची सक्ती नाही पण शब्बाथ द्यायची आहे, ज्याच्यावर आपला हुकूम चालतो त्याला. वार कुठला ते त्याच्या सोयीने ठरवा. पगार कापायचा नाही, कापला तर ती सुट्टी नसते, बेकारी असते.

आणि हे देवळापासनंच सुरू व्हायला पाहिजे. आमच्या देवळाचे शिपाई मामा स्वतः ख्रिस्ती. रविवारी सातला गेट उघडायचं, बाकं पुसायची, साडेआठला घंटा, मग बाहेर उभं राहून गाड्या लावून घ्यायच्या, आत गाणी चालू असताना बाहेर भांडणारी पोरं गप्प करायची, सगळे गेल्यावर झाडू मारून कुलूप. प्रभुभोजन पाळक साहेब त्यांना शेवटी आतल्या खोलीत देतात. अकरा वर्षांत ते एक उपासना पूर्ण बसलेले नाहीत, आणि आम्ही सगळे आत बसून प्रभूच्या दिवसाची गाणी म्हणत होतो. ह्या वर्षी कमिटीत मी हा विषय काढला, थोडी कुरकुर झाली पण त्यांना आठवड्याची सुट्टी ठरली, सोमवार. मामांना सांगायला गेले तर म्हणाले, सुट्टी दिली ते बरं झालं, पण ताई, सोमवारी कुठलं देऊळ उघडं असतं?

मग परत बसलो. आता सोमवार आहेच, शिवाय महिन्यातले दोन रविवार गेट, घंटा आणि गाड्या आम्ही पाळीपाळीने करतो, माझी पाळी दुसऱ्या रविवारी असते. पहिल्यांदा मामा आत बसले तेव्हा शेवटच्या बाकावर बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. बाहेर हॉर्न वाजला की उठायचे. दोनदा उठले. दोन्ही वेळा शेजारच्या काकूंनी हाताला धरून खाली बसवलं.